पिवळ्या बसचा शेवटचा थांबा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या १ जूनला एसटीचा वर्धापन दिन आहे. १९४८ साली या तारखेला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली, हे एसटीत चाकरी केलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं. मी ३४ वर्षं एसटीत होतो. आधी वाहक, पुढे वाहतूक नियंत्रक. गेल्या जुलैत मुलीकडे स्वित्झर्लंडला गेलो, तेव्हा बर्न शहरात असताना कळलं की तिथल्या टपाल खात्याची पहिली मोटारबससुद्धा १ जूनलाच निघाली होती. साल १९०६, बर्नहून डेटलिगेन नावाच्या खेड्याला. त्या दिवसापासून हे पत्र लिहायचं मनात आहे.

आपल्या अंकात मार्चपासून परदेश सहलींच्या पानभर जाहिराती येतात. बारा दिवसांत सात देश, त्यात स्वित्झर्लंडला दोन रात्री. माझ्या ओळखीची कितीतरी माणसं फंडाच्या पैशातून अशा सहली करून आली. त्यांच्या हौसेचा मला आदर आहे. पण ज्या देशात डोंगरातल्या वाडीपर्यंत बस जाते, तो देश टूरच्या काचबंद गाडीतून बघणं म्हणजे पंगतीला बसून नुसतं मीठ चाखून उठणं, असं मला तिथे पंधरा दिवस फिरल्यावर वाटतं.

मुलगी आणि जावई झुरिकजवळ विंटरथूरला असतात. दोघांनाही रजा नव्हती. मुलगी म्हणाली, "बाबा, आयुष्यभर तुम्ही लोकांना गाड्या सांगितल्यात, तुम्हाला कशाला कोण बरोबर पाहिजे? आईला घ्या आणि निघा." तिने आम्हा दोघांना पंधरा-पंधरा दिवसांचे पास काढून दिले. रेल्वे, टपाल खात्याची पिवळी बस, शहरातली ट्राम, तलावातली बोट, सगळं त्या एका पासात. एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' योजना ज्यांनी वापरली आहे त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. पास स्वस्त नव्हता, हे सांगितलं पाहिजे. तिथलं काहीच स्वस्त नाही. हिने पहाटे उठून केलेली थालीपीठं आणि लसणाची चटणी रोज डब्यात असायची. पाणी मात्र विकत घ्यावं लागलं नाही. चौकाचौकांत दगडी हौद, त्यात नळीतून अखंड गार पाणी. एकट्या झुरिक शहरात अशा बाराशेहून जास्त पाणपोया आहेत. 'पिण्याचं नाही' अशी पाटी नसेल तर खुशाल ओंजळ धरावी.

झुरिकच्या स्टेशनात पहिल्या दिवशी मी दोन तास नुसता उभा होतो. ही बाकावर बसून माणसं बघत होती आणि मी घड्याळ बघत होतो. पांढरी तबकडी, काळे काटे, आणि सेकंदाचा काटा लाल, टोकाला गोल थाळी असलेला. हान्स हिल्फिकर नावाच्या रेल्वेच्या इंजिनिअरने ते १९४४ मध्ये बनवलं. लाल काटा काही वर्षांनी बसवला. गाडी सोडताना फलाटावरचा रेल्वेचा माणूस जी लाल थाळी हातात धरायचा, तिचाच तो आकार. हा काटा साडेअठ्ठावन्न सेकंदांतच फेरी पुरी करतो आणि वर बाराजवळ क्षणभर थांबतो. मुख्य घड्याळाचा इशारा आला की मिनिटकाटा एक घर पुढे सरकतो, तेव्हा लाल काटा पुन्हा चालू लागतो. देशभरातल्या स्टेशनांवर एकच मिनिट एकाच वेळी सुरू व्हावं म्हणून ही तजवीज. ज्याने तीन घड्याळांत तीन वेळा असलेल्या खोलीत बसून गाड्यांच्या नोंदी केल्या आहेत, त्याला हे बघून काय वाटतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

फलाटावर दोन कागद लावलेले असतात. पिवळ्यावर सुटणाऱ्या गाड्या, पांढऱ्यावर येणाऱ्या. अक्षर ओळखता आलं नाही तरी रंग कळतो. आम्हाला जर्मन येत नव्हतं, तरी पंधरा दिवसांत गाडी चुकली नाही.

त्या वेळापत्रकाची खुबी मला चौथ्या दिवशी उमगली. २३ मे १९८२ पासून तिथे देशभर गाड्या ठरावीक मिनिटांना, दर तासाला सुटतात. सकाळी ७ वाजून २ मिनिटांनी गाडी असेल तर ८.०२, ९.०२, १०.०२ ला असतेच. पाठ करायचं ते फक्त मिनिट. पुढे १९८७ मध्ये लोकांनी सार्वमतात मोठी रेल्वे योजना मंजूर केली, आणि झुरिक, बर्न, बासेल ही मोठी शहरं एकमेकांपासून तासाच्या थोडं आत आणली. तासाला पाच-दहा मिनिटं कमी असताना चारी दिशांच्या गाड्या स्टेशनात येतात, माणसं या फलाटावरून त्या फलाटावर जातात, आणि तास उलटला की सगळ्या गाड्या पांगतात. बाहेर बस उभ्याच असतात. गाडी वाटेल तेवढी जोरात पळवायची नाही, मेळ साधण्यापुरती पळवायची, हे त्यामागचं सूत्र. मी उमेदीत असताना आमच्या स्टँडवर रात्रीची एक गाडी रेल्वे येण्याआधी सात मिनिटं सुटायची. रेल्वेने आलेली माणसं पळत यायची आणि गाडीचा मागचा दिवा बघत उभी राहायची. ती सात मिनिटं मला बर्नच्या स्टेशनात आठवली.

बर्न हे राजधानीचं शहर, पण गजबज नाही. आरे नदीने तीन बाजूंनी वेढा घातलेला आहे. जुन्या पेठेत दुकानांपुढून कमानींचे दगडी ओटे-पडव्या, त्या मिळून सहा किलोमीटर भरतात म्हणे. दुपारी पाऊस आला तर आम्ही छत्री न उघडता अख्खी पेठ फिरलो. मध्ये जुन्या वेशीचा मनोरा आहे, झिट्ग्लोग्गे नावाचा. त्यावरचं घड्याळ १५३० सालचं. तासाच्या तीन-चार मिनिटं आधी त्यातली अस्वलं फिरू लागतात, कोंबडा आरवतो. पर्यटक त्याचे फोटो काढतात. मला भावलं ते वेगळं. बर्न प्रांतातल्या रस्त्यांची अंतरं या मनोऱ्यापासून मोजली जात, आणि रस्त्याकडेच्या दगडांवर इथून पायी किती तास, हे कोरलेलं असे. माझे आजोबा बाजाराला निघताना असंच अंतर सांगायचे. अमुक गाव दोन भाकरींवर आहे, तमुक गाव तीन भाकरींवर.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो.

बर्नहून दक्षिणेला गाडी निघाली की थून तलावाकाठी श्पिट्झ नावाचं स्टेशन येतं. समोर नीझन नावाचा डोंगर, पिरॅमिडसारखा नेटका. तिथून दुसरी गाडी धरून दहा-बारा मिनिटांत राइखेनबाख. हे दरीतलं साधं खेडं. स्टेशनाबाहेर पिवळी बस उभी होती. आमची रेल्वे त्या दिवशी चार मिनिटं उशिरा पोचली. बसच्या चालकबाई दाराशी उभ्या होत्या. घड्याळ बघत नव्हत्या, आमच्याकडे बघत होत्या. रेल्वेतून उतरलेला शेवटचा म्हातारा काठी टेकत येऊन बसमध्ये चढेपर्यंत त्या थांबल्या. मग गाडीत बसून दार लावलं.

ही बस ग्रीसाल्पला जाते. वाटेत कीनटाल नावाचं गाव, मग एक उथळ तलाव. १९७२ मध्ये, आपल्याकडे दुष्काळाने माणसं खडी फोडत होती त्या साली, तिथे मोठा पाऊस होऊन डोंगरातला गाळ-दगड खाली आला, ओढा अडला आणि हा तलाव झाला. त्याच्या पुढे चढ सुरू होतो. २८ टक्के. युरोपात बस जाते त्या रस्त्यांतला हा सर्वांत उभा चढ, असं तिथली माणसं अभिमानाने सांगतात. मी वाहक म्हणून कराड-चिपळूण गाडीवर कुंभार्ली घाट शेकडो वेळा चढलो-उतरलो आहे. पावसाळ्यात, धुक्यात, पुढे ट्रक आडवा झालेला असताना. पण ग्रीसाल्पच्या वळणांवर मी समोरची दांडी घट्ट धरली. गाडी आपल्या मिनीबसएवढीच, रस्ता तेवढाच रुंद. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला पांढरंशुभ्र पाणी कोसळत होतं, त्याचे तुषार काचेवर. वळणाआधी चालकबाई तीन सुरांचा भोंगा वाजवायच्या आणि क्षणभर ऐकायच्या. हे तीन सूर रॉसिनीच्या 'विल्यम टेल' संगीतिकेतले आहेत, शंभर वर्षांपासून डोंगरातल्या टपाल बसला तोच भोंगा. घाटरस्त्याला निळी पाटी असते, तिच्यावर पिवळं शिंग. ती पाटी असलेल्या रस्त्यावर समोरून कोणीही येवो, बसच्या चालकाने केलेली खूण मानावी लागते. तो मागे जा म्हणाला तर मोटारवाल्याने मागे जायचं. असा कायदाच आहे. आम्हाला खाली उतरणारी एक मोठी मोटार भेटली. बाईंनी हात केला आणि ती गाडी मुकाट मागे सरकत वळणाच्या खोबणीत जाऊन थांबली. माझा ऊर भरून आला, हे मी लपवत नाही. घाटात एसटीच्या चालकाला मागून हॉर्नचा भडिमार सोसताना मी आयुष्यभर पाहिलं आहे.

गाडीत आम्ही दोघं, काठ्या घेतलेले पाच-सहा डोंगर चढणारे, तो म्हातारा, आणि मांडीवर पावाची पिशवी घेतलेल्या एक आजीबाई. मध्येच त्या आजीबाईंनी बटण दाबलं. गाडी थांबली. तिथे ना दुकान ना चौक. एक लाकडी घर, गोठा, पिवळा खांब, त्यावर वेळापत्रकाचा कागद. आपल्या भाषेत विनंती थांबा. त्या उतरल्या, चालकबाईंशी दोन वाक्यं बोलल्या, आणि गवतातल्या पायवाटेने घराकडे गेल्या. हिने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "अगदी आपल्या मुक्कामी गाडीसारखं."

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. परत जायला वेळ होता. मी मोबाइलमधला माझा जुना फोटो काढून चालकबाईंना दाखवला. खाकी गणवेश, खांद्याला पैशांची चामडी पिशवी, मागे लाल गाडी. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. मग मला बसच्या पुढे नेऊन टायर दाखवले, ब्रेक दाखवला, हाताने वळणाचा आकार काढून काहीतरी समजावलं. मीही हातानेच कुंभार्लीचं वळण काढलं. भाषेचा एकही शब्द नव्हता. पण कुठे गिअर उतरवायचा आणि कुठे नुसतं इंजिनवर गाडी सोडायची, एवढं आम्हा दोघांना पुरेपूर कळलं.

मुक्कामी गाडीबद्दल आजच्या तरुण वाचकांसाठी सांगतो. कोयना खोऱ्यातल्या एका गावी मी चार वर्षं मुक्कामाला जायचो. रात्री साडेआठला गाडी पोचायची. कोणाच्या तरी घरून पिठलं-भाकरी यायची. चालक आणि मी गाडीतच घोंगडं पांघरून झोपायचो. पहाटे साडेपाचला घंटी मारायच्या आधी टपावर दुधाच्या किटल्या चढलेल्या असायच्या, आत परीक्षेला निघालेली पोरं, कधी दवाखान्यात न्यायची पहिलटकरीण. पुढे गावातली माणसं मुंबईला गेली, भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण, उतरलं आणि ती फेरी राहिली नाही. मी कोणाला दोष देत नाही. महिन्याच्या तक्त्यात भारमानाचा तो आकडा माझ्याच अक्षरात आहे.

स्वित्झर्लंडमध्ये हा हिशेब कसा करतात, ते जावयाने मला त्यांच्या सरकारी नियमातून वाचून दाखवलं. जिथे वर्षभर किमान १०० माणसं राहतात, अशा वस्तीला सार्वजनिक वाहन मिळावं, हे तिथे धोरण आहे. तिकिटातून जे भरून येत नाही ते केंद्र सरकार आणि प्रांत मिळून देतात, आणि ते आधीच ठरवून, मागणी नोंदवून देतात. वर्षाअखेरीस तोटा म्हणून दाखवत नाहीत. रस्त्याला जसा आपण तोटा म्हणत नाही तसंच. आमच्या तक्त्यात यासाठी रकानाच नव्हता. १०० माणसांची वाडी हा आकडा मी कितीतरी दिवस मनात घोळवत होतो.

आणि या वस्त्या टिकल्या म्हणूनच ते हिरवे उतार टिकले आहेत. आपण सिनेमात पाहतो ती कुरणं आपोआप तशी राहत नाहीत. ग्रीसाल्पहून परत येताना आम्ही पाहिलं. जिथे उभं राहणंही अवघड अशा उतारावर नवरा-बायको आणि एक मुलगा गवत कापून दाताळ्याने खाली ओढत होते. वर्षानुवर्षं कापलं नाही तर झुडपं वाढतात आणि हळूहळू रान चालून येतं. उभ्या उतारावर गवत कापणाऱ्या शेतकऱ्याला सरकार त्यासाठी वेगळे पैसे देतं. १९९६ मध्ये लोकांनी मत देऊन हे तत्त्व राज्यघटनेतच घातलं: शेतीने अन्न पिकवावं, निसर्ग राखावा, आणि देशभर वस्ती विखुरलेली ठेवायला हातभार लावावा. फोटोत दिसतो तो डोंगर कोणाच्या तरी मणक्याच्या जोरावर तसा उभा आहे.

त्याच डोंगररांगेच्या पलीकडे ब्लाटेन नावाचं गाव होतं. आम्ही जाण्याच्या दोनच महिने आधी, २८ मे २०२५ ला, वरची हिमनदी तुटून खडकासकट खाली आली आणि गाव गाडलं गेलं. जवळजवळ ३०० माणसं नऊ दिवस आधीच गुराढोरांसह बाहेर काढलेली होती. एक माणूस दगावला, बाकीची माणसं वाचली. श्पिट्झच्या फलाटावर मुलीने फोनवर मला हे सांगितलं, तेव्हा मला जुलै २०२१ ची ती दरडी कोसळल्याची रात्र आठवली, आमच्या पाटण तालुक्यातली. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. त्या रस्त्यांवर मी तिकिटं फाडली आहेत. त्या दिवशी पुढचा प्रवास आम्ही फारसं न बोलता केला.

लुसर्न शहराबद्दल थोडक्यात. लाकडी पूल सुंदर आहे. १९९३ मध्ये बराचसा जळला होता, वर्षभरात पुन्हा उभा केला. तिथून १९०१ सालच्या 'उरी' या चाकाच्या आगबोटीने आम्ही फित्झनाउला गेलो. तिच्या मधल्या भागात इंजिन उघडं ठेवलेलं आहे. दट्ट्या फिरताना बघायला मी जो उभा राहिलो तो धक्का येईपर्यंत हललो नाही. धक्क्यालगतच रिगी डोंगरावर जाणारी दातेरी रुळांची गाडी, १८७१ पासूनची. बोट, गाडी, सगळं पुन्हा त्याच पासावर आणि पुन्हा मेळात.

त्याच शहरात कड्यात कोरलेल्या मरणोन्मुख सिंहापुढे आम्हाला एक मराठी जोडपं भेटलं. सोलापूरकडचे, दोघंही शिक्षक होते. आमचं बोलणं ऐकून त्यांनी आपण होऊन हाक मारली. परक्या मुलखात आपला शब्द कानावर पडला की कसं होतं, ते गेलेल्यांनाच कळेल. हिने डबा उघडला. पण त्या वहिनींनी थालीपीठ हातात घेतलं न घेतलं तोच त्यांच्या टूरचा माणूस झेंडा हलवू लागला. त्यांना शहरासाठी ५० मिनिटं दिली होती, त्यातली बरीच दुकानात गेली. गुरुजी मला म्हणाले, "तुम्ही कालपासून इथेच आहात? मग काय काय पाहिलंत?" मी सांगायला लागलो आणि ते अर्ध्यातून निघून गेले. वळून वळून बघत होते. वीस वर्षं पैसे साठवून आलेली माणसं होती ती.

म्हणून, संपादक महोदय, दोन विनंत्या.

परदेशी जाणाऱ्यांना सांगायचं आहे की एक देश कमी करा, पण कुठल्याही एका गावच्या बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जा. भाषेची भीती बाळगू नका. झुरिककडे "ग्रुएत्सी" आणि बर्नकडे "ग्रुएसेख" एवढं म्हटलं की माणसं हसून उत्तर देतात. खेड्यात तर अनोळखी माणूसही आधी नमस्कार घालतो. वयाची भीती नको. मी ६६ वर्षांचा आहे, हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे.

दुसरी विनंती आपल्या वर्तमानपत्राला. उन्हाळी पर्यटनाच्या पुरवणीत परदेशाची आठ पानं असतात. त्यातली एक चौकट आपल्या घाटांतल्या, खोऱ्यांतल्या, अजून चालू असलेल्या मुक्कामी गाड्यांना द्या. कोणती गाडी, कुठून, किती वाजता, शेवटचा थांबा कोणता, परत कधी निघते. माणसं त्या गाड्यांनी फिरायला जाऊ लागली तर भारमानाचा आकडाही बदलेल. कराड आणि पाटण भागातल्या वेळा मी स्वतः फलाटावर उभा राहून, चालक-वाहकांना विचारून, लिहून पाठवीन. येत्या सोमवारपासून सुरुवात करतो आहे.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक,
कराड